महाविद्यालयीन परिसरातील मोकळ्या जागेची भूदृश्यरचना

प्रस्तावना :
महाविद्यालयाच्या इमारतींचे आराखडे काळजीपूर्वक तयार केले जातात. मात्र त्यांच्यामधील मोकळ्या जागेकडे बहुधा 'उरलेली जागा' म्हणून पाहिले जाते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने २०१७ मध्ये सुधारित केलेल्या आराखड्यात हरित परिसर व पर्जन्यजल संधारण यांचा समावेश होता. तथापि समितीच्या भेटीपूर्वी घाईने अंथरलेली हिरवळ आणि पेव्हर ब्लॉक म्हणजे भूदृश्यरचना नव्हे. महाराष्ट्राच्या पठारी भागात या रचनेचा क्रम कसा असावा, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पाणी :
एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी १०,००० लिटर पाणी मिळते. पठाराखालील बेसॉल्ट खडकात पाणी मुख्यतः भेगांमध्ये व मुरमाच्या थरात साठते. वरची जमीन सिमेंटने झाकली की ते मुरण्याऐवजी वाहून जाते. म्हणून प्रथम जमिनीचा उतार तपासावा, सखल भाग मोकळा ठेवावा आणि छपरावरील पाणी इमारतीच्या पायापासून दूर असलेल्या शोषखड्ड्याकडे वळवावे.

२. सावली :
दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते. त्या बाजूस कडुनिंब, करंज यांसारखे स्थानिक वृक्ष लावल्यास वर्गखोल्यांच्या भिंती कमी तापतात. शोभेसाठी बहावा, कांचन, आपटा उपयुक्त ठरतात. वड व पिंपळ यांना मात्र इमारतीपासून दूर जागा द्यावी. हिरवळीला ऐन टंचाईच्या काळात पाणी लागते आणि तिची सावली कोणालाच मिळत नाही. त्यामुळे तिचे क्षेत्र मर्यादित असावे.

३. पायवाट व पार :
विद्यार्थ्यांच्या वावराने पडलेल्या वाटा हाच मार्गांचा खरा आराखडा होय. फरसबंदी त्यांच्यापुरतीच करावी. वृक्षाभोवतीचा पार ही आपली परिचित बैठक आहे. परंतु खोडापर्यंत काँक्रीट भरल्यास मुळांना पाणी व हवा मिळत नाही. खोडाभोवती मातीचे आळे उघडे ठेवणे अत्यावश्यक आहे.

समारोप :
रवींद्रनाथ टागोर यांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतन येथे विद्यालय सुरू केले. तेथे वृक्षांच्या छायेत वर्ग भरत. मोकळी जागा हीदेखील अध्ययनाची जागा आहे, हे त्यातून सिद्ध होते. आराखडा निश्चित होण्यापूर्वीच भूगोल विभागाने उताराची व वनस्पतिशास्त्र विभागाने विद्यमान वृक्षांची नोंद केली, तर वाहनतळासाठी जुना वृक्ष तोडण्याचा प्रसंग अनेकदा टाळता येईल. तोडलेल्या वृक्षाची सावली नव्या रोपाकडून मिळण्यास विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या जाव्या लागतात.