सावली हवी, पण आभाळही दिसायला हवं

तिश्री महिन्याच्या 15 तारखेला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, ज्यूंचा सुक्कोत सुरू होतो. सुगीचा हा सण. इजिप्तमधून सुटल्यावर पूर्वजांनी 40 वर्षं वाळवंटात काढली, त्याची आठवण म्हणून सात दिवस घराबाहेरच्या मांडवात जेवायचं. जमेल तिथे झोपायचंही. या मांडवाला ‘सुक्का’ म्हणतात.

भिंती कशाच्याही चालतात: फळ्या, कापड, ताडपत्री. बांधलेला हत्ती भिंत म्हणून चालेल का, याचीही चर्चा तालमूद या ज्यू धर्मग्रंथात आहे! खरी कसोटी छताची. ते जमिनीतून उगवलेल्या, पण तोडलेल्या फांद्या-झावळ्यांचंच हवं. उन्हापेक्षा सावली जास्त पडावी, तरी रात्री फटींतून चांदण्या दिसाव्यात, असा प्रघात आहे. वर झाड किंवा स्लॅब आला, की सुक्का बाद. म्हणूनच जेरुसलेममधल्या कित्येक इमारतींत बाल्कन्या एकाखाली एक न काढता मागेपुढे काढलेल्या दिसतात. घर बांधतानाच सणाचा विचार करणारी ही दृष्टी फार लोभस आहे.

पाऊस आला तर? ताटातलं नासेल इतका कोसळला, तर खुशाल घरात जावं, असं तालमूदचा पाया असलेली मिश्ना सांगते.

मुंबई-कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या सिनेगॉगांच्या आवारातही हा मांडव पडतो; वर माडाच्या झावळ्या, खाली टांगलेली फळं.