ओल्या कातड्याची वेळ: चामड्यावरच्या कोरीवकामात हात कसा बसतो



आजचा विषय आहे चामड्यावरचं कोरीवकाम. पट्टा, पाकीट, डायरीचं कव्हर यांवर पानं, वेलबुट्टी, अक्षरं उठवणं. पोटापाण्याचा धंदा म्हणून करणाऱ्यांना आम्ही काय सांगणार? हे बोलणं हौसेने करणाऱ्यांसाठी आहे. अगदी पहिल्यापासूनही सांगत बसणार नाही, कारण समोर बसलेल्या बऱ्याच जणांनी एखादा तरी पट्टा केलेला आहे. आपल्याला बघायचंय ते त्याच्या पुढचं. दहा-बारा कामं होतात, नवलाई संपते, आणि मग हात तिथेच अडून बसतो. पान पानासारखं दिसतं, पण चपटं. कडा मळकट, फुगलेल्या. मग माणूस काय करतो? नवीन ठशांचा संच मागवतो. दोन महिन्यांनी तेच चपटं पान नव्या ठशांनी केलेलं असतं.

आमचं म्हणणं असं की दहापैकी आठ वेळा दोष ठशात नसतोच. तो पाण्यात असतो, आणि त्याखालोखाल सुरीच्या धारेत. या दोन गोष्टींवरच आज जास्त बोलू.

आधी कातड्याबद्दल थोडं. कोरीवकाम होतं ते फक्त झाडांच्या साली-फळांत कमावलेल्या चामड्यावर. बाभळीची साल, हिरडा यांतलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना धरून बसतं. असं चामडं ओलं झालं की नरम पडतं, ठसा मारला की तंतू दबतात, आणि वाळल्यावर दबलेलेच राहतात. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं पाणी सहजी पीत नाही आणि दाबलं तर परत उसळतं. बाजारातल्या बहुतेक पर्सा, जॅकेटं, बुटांची वरची बाजू या क्रोमच्या चामड्याची असते, त्यामुळे जुनी पर्स फाडून तिच्यावर सराव करायचा विचार सोडून द्या. ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. क्रोमची कड आतून बहुधा निळसर-करडी दिसते, सालीची तपकिरी. पाण्याचा थेंब टाका, तो लगेच मुरून डाग गडद झाला आणि तिथे नखाची खूण राहिली, तर चामडं आपल्या कामाचं.

महाराष्ट्रात असं चामडं म्हटलं की कोल्हापुरी चपलेचं नाव येतं. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याकडचे चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. ते चामडं पारंपरिक रीतीने बाभूळ-हिरड्यातच कमावतात. आज आपल्याकडे म्हशीचं चामडं जास्त भेटतं, कारण २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीच्या चामड्याचा पोत जाड असतो. बारीक नक्षी त्यात हरवते, मोठी पानं मात्र झकास उठतात. तमिळनाडूत शेळ्या-मेंढ्यांचं सालीत कमावलेलं चामडं होतं, ईस्ट इंडिया लेदर म्हणतात त्याला, पण ते पातळ. त्यावर शांतिनिकेतनच्या पर्सांसारखं दाबून उठवलेलं काम चांगलं होतं, खोल कोरीव नाही. कोरायला निदान तीन मिलिमीटर जाडी हाताशी असू द्या.

आणि एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. कातडं कमावायचं काम आपल्याकडे ढोर समाजावर, आणि मोट, पखाल, पायताण करायचं काम चर्मकार समाजावर पिढ्यान् पिढ्या टाकलं गेलं. हातात एवढं कसब, आणि वाट्याला अस्पृश्यता. आज तेच काम शहरात ‘हँडमेड लेदर’ म्हणून दामदुप्पट विकलं जातं. आपण छंद म्हणून यात उतरतो तेव्हा स्टँडजवळ बसणाऱ्या कारागिराला आपल्यापेक्षा कातडं जास्त कळतं, हे धरूनच चालावं. त्याच्याकडून रापीला धार लावायला शिका, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. फुकट ‘जरा दाखवा ना दादा’ नको.

आता पाणी.

कातडं फक्त वरून ओलं करायचं नसतं, मुरवायचं असतं. पुष्कळ लोक स्पंज फिरवतात आणि लगेच ठोकायला बसतात. वरचा थर लगदा, आतला कोरडा. ठसा उठतो खरा, पण वाळला की निम्मा भरून येतो. बरोबर रीत अशी: तुकडा दोन्ही बाजूंनी सारखा भिजवा, वरचं पाणी निथळू द्या, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर सावलीत ठेवा. आतपर्यंत ओल सारखी पसरते. सकाळी काढून उघडा ठेवा आणि रंगाकडे बघत राहा. भिजलेलं चामडं गडद असतं. हळूहळू ते जवळजवळ मूळ रंगावर येतं, पण गालाला लावलं तर गार लागतं. रंग कोरडा आणि स्पर्श गार, हीच कोरायची वेळ.

वेळ साधली की नाही हे ठसाच सांगतो. ओल बरोबर असेल तर ठसा दाबल्या जागी तपकिरी झळाळी सोडतो, जणू तिथे कुणी हलकी शाई फिरवलीय. झळाळी नाही आणि कडा लापशीसारख्या सरकतात, म्हणजे पाणी जास्त. थांबा, चहा घ्या. ठोका मारल्यावर हाताला धक्का बसतो आणि खूण उथळच राहते, म्हणजे कातडं सुकलं. हे पुस्तकात वाचून कळत नाही. एकाच पट्टीवर दर दहा मिनिटांनी तोच एक ठसा मारत जा, पार कोरडी होईपर्यंत, आणि प्रत्येक खुणेखाली पेनने वेळ लिहा. ती पट्टी भिंतीवर टांगा. इतका स्वस्त गुरू दुसरा नाही.

परदेशी माणसांनी दिलेल्या वेळा आपल्याकडे चालत नाहीत. त्यांचा एक तास तो खानदेशातला एप्रिल-मे मध्ये पाव तास. चाळीसच्या वर पारा, वरून तापी खोऱ्यातला कोरडा वारा. वरचा थर बघता बघता सुकतो आणि आत ओल तशीच. म्हणून उन्हाळ्यात काम पहाटे करा, पंखा बंद. जेवढ्या भागावर काम चालू तेवढाच उघडा, बाकीच्यावर प्लास्टिक. मध्ये ओल द्यावी लागली तर फक्त सुकलेल्या डागावर पाणी लावू नका, त्याची कड उमटते आणि ती जात नाही. सगळ्या तुकड्यावर ओलसर स्पंज सारखा फिरवा. पावसाळ्यात दुखणं उलटं: पिशवीत दोन-तीन दिवस राहिलं की बुरशी.

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे. बोअरच्या पाण्यात लोह असेल किंवा टाकी गंजलेली असेल, तर चामड्यावर काळपट-निळे डाग पडतात. टॅनिन आणि लोह भेटले की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी काळी शाई करत, ती याच न्यायाने. म्हणून पिण्याच्या जारचं पाणी वापरा, बादली प्लास्टिकची घ्या, आणि गंजका ठसा ओल्या कातड्यावर टेकवू नका. डाग ताजा असेल तर लिंबाचा रस पाण्यात पातळ करून कापसाने फिरवा, बराचसा जातो. मग साध्या पाण्याने पुसून घ्या.

आता सुरी. कोरायची सुरी भाजीच्या सुरीसारखी धरत नाहीत. तिच्या माथ्यावर एक खोबण असते, तिच्यात तर्जनी बसते आणि खाली दाब देते. अंगठा आणि मधली बोटं दांडा फिरवतात, करंगळी कातड्यावर टेकून हात स्थिर ठेवते. सुरी आपल्याकडे ओढायची. पातं डाव्या-उजव्या बाजूला कललं तर चिरेची एक कड आतून पोखरली जाते आणि पुढे ठसा मारताना ती कड तुटते. खोली जाडीच्या एक-तृतीयांश, फार तर निम्मी. रेघ संपताना दाब हळूहळू सोडायचा, म्हणजे टोक निमुळतं होतं. दोन चिरा एकमेकींना छेदू द्यायच्या नाहीत, दुसरी पहिलीच्या अलीकडे थांबली पाहिजे.

सुरी अडखळते, ओढताना कातडं गोळा होतं, वळणावर धक्के बसतात. लोकांना वाटतं हात कच्चा. बहुतेक वेळा धार कच्ची असते. नवी सुरीसुद्धा दुकानातून आली तशी वापरायची नसते. सहाणेवर दोन्ही बाजू सारख्या कोनात घासा, मग बारीक पॉलिश पेपर, आणि शेवटी एका लाकडी फळीवर चिकटवलेल्या चामड्याच्या पट्टीला पॉलिशची वडी चोळून त्यावर पातं मागे ओढा, धारेच्या दिशेने ढकलू नका. पातं आरशासारखं दिसलं पाहिजे. काम चालू असताना दर पाच-सात मिनिटांनी ती पट्टी पुन्हा दाखवायची. हा कंटाळा केला त्याचा हात सुधारत नाही, असं आम्ही बेधडक सांगतो.

चिरेनंतर बेव्हलर. हा एका बाजूला उतरता ठसा. त्याची उंच कड चिरेत बसते आणि एका बाजूचं कातडं खाली दाबतं. दुसरी बाजू आपोआप वर उठल्यासारखी दिसते. सगळी जादू एवढीच. कुठली बाजू दाबायची? जी मागे आहे ती. पान देठाच्या पुढे असेल तर देठ दाबा. ठसा उचलून पुढे ठेवू नका, बोटांत सैल धरून सरकवत न्या, प्रत्येक ठोका आधीच्या निम्म्यावर पडला पाहिजे. नाहीतर पायऱ्या दिसतात, आणि पायऱ्या म्हणजे घाई. ठोकायला लोखंडी हातोडी नको, ठशाची डोकी चेपतात. लाकडी किंवा नायलॉनची जड मोगरी घ्या. खाली दगड हवा. टेबलावर नुसतं लाकूड असलं की ठोक्याचा जोर लाकूडच खातं. फरशीवाल्याकडे ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा भेटतो. घरचा पाटा मात्र उचलून आणू नका; त्याला टाकी लावलेली असते, ती सगळी कातड्याच्या पाठीवर उमटेल, आणि घरचे बोलतील ते वेगळं.

ठोकण्याने चामडं पसरतं. पाकिटाचं झाकण चौकोनी कापून मग कोरलं तर शेवटी ते चौकोनी राहत नाही. कोरण्याआधी पाठीला पॅकिंगची टेप चिकटवा, आणि अंतिम माप कोरून झाल्यावरच कापा.

नक्षीचं थोडक्यात. अमेरिकेत वायोमिंग राज्यात शेरिडन नावाचं गाव आहे. तिथल्या डॉन किंग या खोगीर-कारागिराने गोल गोल फिरणाऱ्या देठांत रानगुलाब भरायची दाट शैली रूढ केली, आणि हौशी जगात आज तिचीच नक्कल जास्त होते. शिकायला चांगली आहे, देठाची लय कळते. पण आपल्या बांधावर कपाशी आहे. तिचं पान बघा: तीन-पाच पाळ्या, मध्ये ठसठशीत शिरा, एक पाळी दुसरीवर किंचित चढलेली. बेव्हलरच्या सरावाला याहून सोयीचं पान शोधून सापडणार नाही. दहा सेंटिमीटरच्या कतरणीवर एकच पान कोरा, पाठीमागे तारीख घाला, आणि असे वीस तुकडे करा. विसाव्यापर्यंत नवा ठसा विकत घेऊ नका. दत्तजयंतीला दोंडाईचा ओलांडून सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाल तेव्हा घोड्यांइतकंच खोगीर-लगामांच्या दुकानांतही थांबा. पट्ट्यांच्या कडा, शिवण, जोड हातात घेऊन बघायला मिळतात.

काम झालं की एक दिवस सावलीत वाळू द्या, उन्हात नाही. तेल अगदी हलकं, आणि खाण्याचं तेल नको, ते खवट होतं.

श्रोत्यांतून एक प्रश्न आला आहे: पोळ्यासाठी बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्यावर नाव कोरायचं आहे, इंग्रजी अक्षरं जमतात, मराठी फिसकटतात.

चांगला प्रश्न आहे. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, आपली शिरोरेषेला लटकतात. शिरोरेषा एकच रेघ म्हणून कापली आणि अक्षरं तिला छेदून उतरवली, तर प्रत्येक जोडावर कातडं उकलतं. म्हणून अक्षर रेघेने नाही, पट्टीने काढा. आधी कागदावर जाड अक्षरात नाव लिहा, सगळ्या नावाची मिळून बाहेरची एकच कड येईल असं. शिरोरेषा आणि काना जिथे मिळतात तिथे आतल्या कोपऱ्यावर दोन्ही चिरा केसभर अलीकडे थांबवा. दाबायचं ते अक्षराच्या बाहेर, म्हणजे नाव वर उठतं. ‘क’, ‘व’, ‘ब’ यांच्या पोटातली जागा फिसकटते, कारण तिथे सुरी वळत नाही आणि ठसा मावत नाही. अक्षराची उंची दोन सेंटिमीटरच्या खाली आणू नका. पोटातली जागा ठशाने ठोकण्याऐवजी स्टीलच्या चमच्याच्या दांडीचं टोक घासून गुळगुळीत करा आणि त्याने दाबत बसवा. पट्टा गळ्याभोवती वळणार आहे, तर नाव मध्यभागी, आणि बकलाची भोकं कोरून झाल्यावर पाडा. कारण पट्टा ठोकताना थोडा लांबतो, आणि बैल काही माप देऊन थांबत नाही.