‘सेव्ह झालं’, पण कुठे?

बॅकएंडचं रोजचं काम करणाऱ्याला ‘डेटा सेव्ह झाला’ एवढं पुरतं. एक पायरी खाली उतरलं की हे वाक्य डळमळायला लागतं. प्रोग्रॅमने ‘राइट’ म्हटलं की लिनक्स मजकूर आधी मेमरीतल्या पेज कॅशमध्ये ठेवतं आणि ‘झालं’ म्हणून मोकळं होतं. डिस्कवर तो सवडीने जातो; नेहमीच्या सेटिंगमध्ये ३० सेकंदही उलटू शकतात. मध्ये वीज गेली, की मजकूरही गेला. म्हणून डेटाबेस ‘एफसिंक’ ही हाक देऊन खात्री करून घेतात.

आणि एफसिंकच फसलं तर? पोस्टग्रेस पुन्हा हाक द्यायचं. २०१८मध्ये लक्षात आलं, की पहिल्या अपयशानंतर लिनक्स पेज कॅशमधली ती पानं लिहून झाल्याचं धरून चालतं. दुसरी हाक बिनदिक्कत यशस्वी! मुरलेली मंडळीही (आपण तर सोडाच) वर्षानुवर्षं चुकीच्या समजात होती. फेब्रुवारी २०१९च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी सरळ बंद पडतं आणि लॉगवरून सावरतं. मला हा उपाय प्रामाणिक वाटतो.

सिस्टिम्सच्या कामाकडे वळायचंय? जाडजूड पुस्तक नंतर उघडा. आधी आपलाच प्रोग्रॅम ‘एसट्रेस’खाली चालवा आणि एका ‘सेव्ह’मागे कर्नलला किती हाका जातात, ते मोजा.