पहिल्यांदाच नगरसेवक?

छोट्या गावच्या नगरपरिषदेचा कारभार 1965 च्या महाराष्ट्र अधिनियमाने चालतो. त्याची प्रत निकालाच्या दिवशीच मिळवा. 25 ते 40 हजार लोकवस्तीची नगरपरिषद ‘क’ वर्गात मोडते. निम्म्या जागा महिलांच्या.

नळाला पाणी येत नाही म्हणून पहाटे दार वाजेल. पण एकट्या नगरसेवकाला काम मंजूर करता येत नाही. ठराव सभेत होतो, अंमलबजावणी शासनाने नेमलेले मुख्याधिकारी करतात. म्हणून विषयपत्रिका हाती पडताच वाचा, आणि आपले म्हणणे इतिवृत्तात नोंदले गेले का, हेही तपासा. नगरपरिषदेच्या ठेक्यात हितसंबंध निघाले तर सदस्यत्वच जाऊ शकते. भावकीतल्या ठेकेदाराला हे आधीच सांगून ठेवलेले बरे.