पाळीवरची पहिली पेटी

मधमाशीची पहिली पेटी कुठे ठेवावी, असे लाखनी-साकोलीकडच्या कोणी विचारले की माझे उत्तर ठरलेले असते: मामा तलावाच्या पाळीजवळ. हे माजी मालगुजारी तलाव म्हणजे भंडारा जिल्ह्याचे खरे वैभव. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खपून ते उभे केले आणि त्या पाण्याच्या आधाराने पाळीवर मोह, करंज, जांभूळ, चिंच अशी जुनी झाडे टिकली. पाळीखाली धानाच्या बांध्या, धुऱ्यावर तूर. आपली सातेरी माशी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या परिसरातच चरते. तिला पाणी, झाडोरा आणि पीक इतक्या जवळ मिळणारी जागा दुसरीकडे सहज सापडत नाही.

पेटी मांडायची ती कार्तिक-मार्गशीर्षात, यावर माझा फार आग्रह आहे. धान कापणीला येण्याआधीच त्याच्या ओलीत लाखोरी फेकलेली असते. थंडीत तिला निळी फुले येतात, शेजारी जवस फुलतो. जवसाचे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत पाकळ्या गाळते, त्यामुळे माश्यांची झुंबड बघायची तर सकाळीच बांधीवर जावे. माघ-फाल्गुनात पळस पेटतो. त्याच्या रसावर मैना आणि शिंजीर आधी हक्क सांगतात, उरलेले माश्यांना. मग चैत्र-वैशाखात करंज, कडुनिंब, जांभूळ एकामागून एक येतात. कार्तिकात बसवलेली वसाहत तोवर भरलेली असते आणि हा बहर तिच्या हाती लागतो. चैत्रात पेटी मांडणाऱ्याच्या माश्या पोळी बांधण्यातच गुंततात, आणि बहर निघून जातो.

माश्यांच्या जातींबद्दल थोडक्यात. आग्या पेटीत राहत नाही. फुलोरी उघड्यावर एकच लहान पोळे बांधते. मेलिफेरा परदेशी, १९६०च्या दशकात ती पंजाब-हिमाचलात रुजली, मध पुष्कळ देते, पण बहर संपला की तिच्या पेट्या गाडीत घालून दुसऱ्या मुलखात न्याव्या लागतात. नवख्याने सातेरीच घ्यावी. प्रशिक्षणासाठी महाबळेश्वरचे मध संचालनालय आहे, पुण्यात १९६२ पासूनची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. राज्याच्या मधकेंद्र योजनेत पेटीला ५० टक्के अनुदान मिळते.

आपल्या विदर्भाला हा उद्योग नवा नाही, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत घाणीचे तेल आणि हातकागद यांच्याबरोबर मधमाशीपालनही चाले. मगनवाडीच्या आवारात गेलो की मला दरवेळी वाटते, वर्धा ते भंडारा हे अंतर काही फार नाही. मधपेट्या आमच्याकडे केव्हाच गावोगाव दिसायला हव्या होत्या.

पेटी सुताराकडून करून घेता येते, पण मापात तडजोड नको. १८५१ साली अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या लक्षात आले की माश्या ये-जा करण्यापुरती ठरावीक फट मोकळी सोडतात, साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर. फट त्याहून मोठी झाली की तिथे पोळे बांधतात, लहान झाली की बुजवतात. या एका निरीक्षणामुळे चौकट न मोडता उचलता येऊ लागली. आपल्या सातेरीसाठी तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी लहान पेटी बेतली. मेलिफेराची पेटी सातेरीला देऊ नये.

आता वसाहत पकडणे, माझा सर्वांत आवडता भाग. सातेरी झाडाच्या ढोलीत, जुन्या भिंतीच्या पोकळीत, कधी वारुळात सापडते. जाणत्या माणसाला सोबत घ्यावे, तोंडावर जाळी बांधावी, हलका धूर द्यावा आणि पोळी एकेक करून सोडवावीत. पिल्लांची पोळी कापून चौकटीत बसवायची आणि सुती दोऱ्याने किंवा केळीच्या सोपटाने बांधायची. पोळे उलटे बांधू नये. त्यातल्या प्रत्येक घराचे तोंड किंचित वर असते; उलटे बांधले तर घरे खाली कलतात. राणी पेटीत आली की बाकीच्या माश्या आपोआप मागे येतात. अंधार पडला की दार बंद करून पेटी हलवायची आणि काही दिवस राणीद्वार लावून ठेवायचे, म्हणजे बिऱ्हाड पळून जात नाही. माश्या पोळे मेणाने चौकटीला जोडून घेतात, मग दोरा कुरतडून दाराबाहेर टाकतात. तो दोरा दाराशी पडलेला दिसला की समजावे, घर मानवले.

पेटीचे तोंड पूर्वेला, वर सावली, स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत; मुंग्यांना दुसरा उपाय नाही. धानावर तुडतुड्यासाठी फवारणी होणार असेल तर शेजाऱ्याला आधीच गाठून ती संध्याकाळी, माश्या परतल्यावर करायला सांगावे. वेडा राघू तारेवर बसून माश्या टिपतो. भरलेल्या वसाहतीला तेवढी तूट सोसते.

वैशाखात मध काढावा तो फक्त वरच्या कोठ्यातला, आणि माश्यांनी मेणाने झाकलेल्या पोळ्यांतलाच. न झाकलेल्या मधात पाणी जास्त असते आणि तो आंबतो. खालच्या कोठ्याला हात लावू नये, कारण खरी परीक्षा आषाढ-श्रावणात असते. चौफेर हिरवे दिसते, पण फूल जवळजवळ नसते. तेव्हा साखर आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. सांडू देऊ नये, नाहीतर शेजारच्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. दर आठवड्याला तळपाट पुसावे, मेणकिड्याची जाळी दिसली तर ते पोळे काढून टाकावे, आणि माश्या कमी झाल्या असतील तर रिकाम्या चौकटी बाहेर काढून उरलेल्या एकत्र सरकवाव्यात.