श्वास चालू ठेवा

अंदमानला जाणारा मराठी पर्यटक प्रथम सेल्युलर जेलकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. त्या कोठड्यांचे दर्शन घेऊन झाल्यावर उरलेले दोन-तीन दिवस बहुधा स्वराज द्वीपाच्या वाट्याला येतात. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्री विजयपुरम) जलद बोटीने सुमारे दोन तासांवर असलेले हे बेट २०१८ पर्यंत हॅवलॉक या नावाने ओळखले जाई. तेथील किनाऱ्यावर सकाळच्या प्रहरी एक आगळी शाळा भरते. पन्नाशीचे गृहस्थ, महाविद्यालयीन मुली, नवपरिणीत दांपत्ये कमरेइतक्या पाण्यात उभी राहून श्वास घ्यायला शिकत असतात.

जन्मापासून विनासायास चाललेली ही क्रिया पाण्याखाली मात्र जाणीवपूर्वक करावी लागते. नाक मास्कमध्ये बंद, तोंडात रेग्युलेटर आणि पाठीवर दाबाखाली भरलेल्या हवेचा सिलिंडर. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी हे साधन सिद्ध केले. युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी वायूवर चालवीत. त्यासाठी केलेल्या झडपेत रेग्युलेटरचे मूळ आहे. पाणबुड्याने श्वास ओढताच भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा त्याला मिळते, आणि तेथेच या विद्येचा पहिला नियम जन्म घेतो : श्वास कधीही रोखू नका.

दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. दहा मीटरवर छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागी येईतो दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर येणाऱ्याच्या फुप्फुसांना ती जागा देता येत नाही. अवघ्या दीड-दोन मीटरवरूनही गंभीर इजा होऊ शकते. पोहताना श्वास रोखण्याची सवय जडलेल्यांना हा धडा उलट अधिक कठीण जातो. खुणांची भाषाही नव्याने शिकावी लागते. अंगठा उंचावणे म्हणजे 'छान' नव्हे, तर 'वर चला'. आनंदाच्या भरात अंगठा दाखवणारा नवखा त्यामुळे क्षणार्धात पृष्ठभागाकडे नेला जातो!

पहिल्या बुडीसाठी पोहता येणे आवश्यक नसते. प्रशिक्षक सोबत असतो आणि खोली बारा मीटरच्या आतच ठेवली जाते. आवश्यक असतो तो प्रामाणिकपणा. बुडीपूर्वी भरावयाच्या आरोग्यपत्रकात दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे यांविषयी विचारणा असते. सहल वाया जाऊ नये म्हणून सर्वत्र 'नाही' लिहून मोकळे होणे, ही पाण्यातील कोणत्याही माशापेक्षा अधिक धोक्याची गोष्ट. साधी सर्दी असली तरी कानांतील दाब समतोल राखता येत नाही. तेव्हा त्या दिवशी किनाऱ्यावर बसावे हेच बरे.

रीतसर अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास अठरा मीटरपर्यंत आणि पुढील शिक्षणानंतर तीस मीटरपर्यंत जाता येते. तेथे अनुभवींची दुनिया सुरू होते. 'डिक्सन्स पिनॅकल' आणि 'जॉनीज गॉर्ज' या बेटाजवळील प्रसिद्ध जागांना करेन पाणबुड्यांची नावे आहेत. या समाजाची पहिली कुटुंबे १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून मध्य अंदमानात आली. या खडकांभोवती प्रवाह वेगवान असतो, माशांचे थवेच्या थवे फिरत असतात आणि लाल रंग पाण्याने केव्हाच गिळलेला असतो. विजेरीचा झोत पडला की करड्या भासणाऱ्या प्रवाळाचा खरा रंग एकदम उजळतो. प्रवाळाला स्पर्श मात्र करावयाचा नाही. ते सजीव आहे, भारतात कायद्याने संरक्षित आहे, आणि २०१० मध्ये समुद्र तापल्याने अंदमानातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. त्या आघातातून सावरणाऱ्या भित्तीवर फिनचा एक फटकाराही अनेक वर्षांची वाढ मोडून टाकतो.

तीस मीटरवर नायट्रोजनमुळे मद्यपानासारखी गुंगी येऊ शकते. ती ओळखून थोडे वर सरकणे, सिलिंडरमध्ये पुरेशी हवा शिल्लक असतानाच माघारी वळणे, यातच जाणत्याची ओळख पटते. रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो. म्हणूनच एकाच बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास विमानप्रवास वर्ज्य आहे. एलटीसीच्या मोजक्या दिवसांत सारे काही बसवू पाहणाऱ्यांनी बुडी सहलीच्या आरंभी ठेवावी आणि सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी पाहावे.

परतीच्या वाटेवर पाच मीटरवर सर्वांना थांबावे लागते. नांगराची दोरी धरून पाणबुडे एका रांगेत तरंगत राहतात. खालचा खडक निळाईत विरलेला असतो, डोक्यावर होडीचा तळ डुलत असतो. मनगटावरील यंत्र तीन मिनिटे मोजत असते आणि बुडबुड्यांच्या माळा एकामागून एक वर जात असतात.