अकरा महिन्यांची चेटकीण

मागच्या महिन्यात कोथरूडमधला फ्लॅट सोडला. पुण्यातला माझा चौथा. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं, मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं, विषय कट! सामान भरताना लक्षात आलं, चार घरांत मिळून मी भिंतीला एक खिळासुद्धा ठोकलेला नाही. कशाला ठोकायचा? परत काढायचाच ना!

त्या रात्री खोकी तशीच टाकून मी एक कादंबरी वाचत बसले. ‘द व्हेरी सीक्रेट सोसायटी ऑफ इर्रेग्युलर विचेस’. लेखिका संगू मंदण्णा, बंगळुरात वाढलेली आणि आता इंग्लंडमध्ये नॉर्विचला राहणारी. पुस्तक २०२२ सालचं. हल्ली ज्याला ‘कोझी’ म्हणतात, त्या जातकुळीतलं. म्हणजे जादू आहे, पण युद्ध नाही. जग बुडत नाही, फार तर एखादं घर मोडायची भीती. सोबत आल्याचा चहा आणि गोधडी हवी, बस्स.

नायिका मिका मून. जन्म भारतातला, वाढली इंग्लंडमध्ये. ती खरीखुरी चेटकीण आहे. आता ‘चेटकीण’ म्हटलं, की मला आधी मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची आठवते. पण तेवढंच नाही. आपल्याकडे एखाद्या बाईवर हा शिक्का बसला, की तिचं गावात राहणं मुश्कील होतं. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात असा आरोप करण्यालाही गुन्हा धरलंय. मंदण्णाच्या गोष्टीतही हीच भीती मुळाशी आहे. म्हणूनच तिथल्या चेटकिणींचा नियम : एकत्र राहायचं नाही, कुणाशी जवळीक करायची नाही, गुपित फुटायच्या आत निघायचं. मिकाला लहानपणी सांभाळणाऱ्या बायासुद्धा सारख्या बदलल्या जायच्या. मोठी झाल्यावर ती स्वतःच गावं बदलत राहते.

वाचताना मी खोक्यांकडे पाहिलं. हिला तर अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंटसुद्धा नाही!

मग तिला एक आमंत्रण येतं. नॉरफॉकमधल्या ‘नोव्हेअर हाउस’मध्ये तीन छोट्या चेटकिणी आहेत, त्यांना जादू शिकवायला येशील का? रोझेटा, टेराकोटा आणि अल्तामिरा. (दत्तक घेणाऱ्या बाई पुरातत्त्वाच्या क्षेत्रातल्या, हे नावांवरूनच कळतं!) तिघींची मूळं जगाच्या तीन कोपऱ्यांतली. घरात इयान नावाचे म्हातारे निवृत्त नट आणि बागेत रमणारा त्यांचा नवरा केन. हो, नवराच. हे कुणी मुद्दाम समजावून सांगत बसत नाही, भाषणबाजी नाही. घरातली भांडणं नाश्त्याच्या टेबलावर होतात, तशीच इथेही होतात. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

आणि जेमी. घरातला ग्रंथपाल, कायम कपाळाला आठ्या. मुलींच्या काळजीपोटी तो मिकावर आधी विश्वासच ठेवत नाही. रोमान्स अगदी मंद आचेवर शिजतो. एक प्रसंग मात्र आईच्या शेजारी बसून वाचू नका, एवढं सांगते.

तक्रारी आहेत. अर्ध्यातच शेवट कळतो आणि संकट जरा फारच गुण्यागोविंदाने मिटतं. भारत तर पुस्तकात नावापुरता. मी उगाच आशेवर होते, की कुणीतरी कुणालातरी एखादी लोणच्याची बरणी पाठवेल. पण टेराकोटा! आठेक वर्षांची ही पोरगी मिकाला घरात घ्यायलाच तयार नसते. माणसं येतात, लळा लावतात आणि जातात, हे तिला आधीच ठाऊक झालेलं. तिच्यापुढे मिकाचं गोड बोलणं चालत नाही. तिला पटवायचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे थांबणं. आणि मिकाला सगळी जादू येते, नेमकं तेवढंच येत नाही. ती पानं मी दोनदा वाचली.

पहाटे अडीचला पुस्तक संपलं. सकाळी टेम्पोवाले दादा आले, तेव्हा निम्मं सामान जमिनीवरच होतं. त्यांनी जे ऐकवलं ते इथे छापता येणार नाही.

नवीन घर कर्वेनगरला. घरमालकीण खालच्याच मजल्यावर. किल्ली घेताना मी विचारलं, “काकू, एक खिळा ठोकला तर चालेल?”

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. “एकच हं. आणि ते ड्रिल-बिल नको.”

हातोडी त्यांच्याकडूनच आणली.